बाबूकड्यावरून दिसणारी तोफांची जागा

वासोटा किल्ल्यावर येणारे बहुतेक जण बाबूकड्यापर्यंत येतात, तो नालेसारखा वळलेला कातळ डोळे भरून पाहतात, फोटो काढतात आणि माघारी फिरतात. दरीपलीकडचा झाडीने माखलेला डोंगर फोटोत मागे कुठेतरी राहून जातो. तो जुना वासोटा. एप्रिल १८१८ च्या पहिल्या आठवड्यात वासोटा पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती पडला तो तिथून डागलेल्या तोफांमुळे. आम्ही या खेपेला गेलो ते त्याच्याचसाठी.

साताऱ्याहून कास पठारावरून बामणोली साधारण ३५ किलोमीटर. सकाळी लवकर पोहोचा. ओळखपत्र दाखवून वनखात्याचा परवाना काढायचा आणि मग बोट ठरवायची. शिवसागर जलाशयातून दीड तासाने मेट इंदवलीच्या चौकीपाशी उतरतो. तिथे जवळच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून लिहून घेतात, परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात, म्हणून पाणी धातूच्या बाटल्यांतून न्यावं. मुक्कामाला परवानगी नाही. पावसाळ्यात जंगल बंद असतं.

ओढ्याजवळच्या मारुती-गणपतीपासून खरा चढ लागतो. वाट रुळलेली, पण दाट रानातून. दोन तास धरा. नागेश्वरचा फाटा लागला की तिकडे वळायचं नाही. पडके दरवाजे ओलांडले की बिनछपराचा मारुती. तिथून उजवी वाट महादेवाच्या देवळाकडे आणि काळकाईच्या ठाण्याकडे जाते, डावी जोडटाक्यांवरून बाबूकड्याला.

कड्यावर आलं की पहिला प्रश्न पडतो: हा किल्ला घ्यायचा तरी कसा? तटाला भगदाड पाडायचं म्हटलं तर इथे बहुतेक बाजूंनी तट म्हणजे डोंगराचा कडाच. लांब नळीच्या तोफेचा गोळा जवळजवळ सरळ रेषेत जातो, तो कातळावर आपटून वाया जाणार. शिवाय तसली अवजड तोफ या रानातून वर चढवणं म्हणजे आधी रस्ता खणणं आला. याच गडाच्या बळावर पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढणाऱ्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांना कित्येक महिने दाद दिली नव्हती.

१८१८ मध्ये इथे आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती प्रिट्झलर. त्याने जुना वासोटा ताब्यात घेऊन उखळी तोफा तिथे चढवल्या. उखळी म्हणजे आखूड, रुंद तोंडाची तोफ. तिचं तोंड साधारण ४५ अंशांवर ठेवतात आणि गोळा किती लांब टाकायचा ते दारूच्या मापावर ठरवतात. गोळा उंच चढतो आणि वरून कोसळतो, त्यामुळे मधली दरी आणि समोरचा कडा दोन्ही निकामी ठरतात. नळा आणि खालची बैठक वेगवेगळी करता येते, म्हणून ती डोंगरावरही नेता येते.

गोळा आतून पोकळ, दारू भरलेला. त्याच्या भोकात लाकडी नळी ठोकलेली असते आणि तिच्यात सावकाश जळणारं मिश्रण. तोफेच्या भडक्यानेच ती पेटते. सगळं कसब ती नळी कापण्यात आहे. आखूड कापली तर गोळा दरीवरच हवेत फुटतो. लांब राहिली तर तो मातीत रुततो आणि मग फुटतो, निम्मा जोर जमिनीत जातो. दुसरी अडचण बैठकीची. उखळीचा धक्का मागे कमी आणि खाली जास्त बसतो. जमीन भुसभुशीत असेल तर दर बाराला बैठक थोडी खचते, कलते आणि नेम सरकतो. म्हणून आधी जागा सपाट करून खाली जाड फळ्या अंथरतात. डोंगरमाथ्यावर अशी जागा हातानेच तयार करावी लागते.

आता कड्यावरून मागे वळून गडाच्या वाड्याच्या जोत्यांकडे पाहा आणि परत समोर पाहा. जुना वासोटा या गडापेक्षा, म्हणजे नव्या वासोट्यापेक्षा, उंच आहे. तिथून गडाचा माथा उघडा दिसतो, कुठला गोळा कुठे पडला ते पाहून पुढच्या बाराला दारू कमीजास्त करता येते. गडावर तेव्हा छत्रपतींच्या घराण्यातली माणसं होती, कैदेतले दोन इंग्रज अधिकारीही होते. गोळे पडायला लागल्यावर किल्ला फार टिकला नाही. ही जोती मला बाबूकड्यापेक्षा जास्त बोलकी वाटतात, पण त्यांच्याजवळ थांबणारे थोडे.

जुन्या वासोट्यावर जायचा हट्ट धरू नये. वाट मोडलेली, रान गच्च, पाणी नाही आणि हा सगळा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तोफांच्या जागेची नोंद करायची तर ती बाबूकड्यावरच, कठड्यापासून आत, जमिनीलगत आडव्या दगडावर व्हावी. त्यावर समोरच्या माथ्याकडे दाखवणारा बाण, साल, उखळीचं रेखाचित्र आणि गडावरून लढलेल्यांचाही उल्लेख हवा. उभा फलक वाऱ्यापावसात टिकत नाही आणि दृश्यही अडवतो.

मार्चनंतर दुपारी हवा धुरकट होते, समोरची झाडी आणि कातळ वेगळे ओळखू येत नाहीत. अकराच्या आत कड्यावर पोहोचलात तर दोन्ही माथे नीट पाहता येतात, आणि परतीची बोटही चुकत नाही.