आमची वाटचाल : भाव न विचारणारी फाईल

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आमचा गाळा आहे. पाटीवर ‘एक्सेलमध्ये हिशेबाच्या फाईली करून मिळतील’ एवढंच लिहिलंय आणि पहिल्या दिवसापासून ती पाटी बदललेली नाही. दालमिलवाले, जिनिंगवाले, केळीचे व्यापारी हे आमचं गिऱ्हाईक. तयार सॉफ्टवेअर घ्यायचं तर त्यात रुई आणि सरकीचे वेगळे रकाने नसतात. केळीत नवतीचा भाव वेगळा, पिलबागचा वेगळा, कांदेबागचा वेगळा आणि वापसीचा त्याहून वेगळा, हे ते करणाऱ्याच्या गावीही नसतं. एक्सेलमध्ये हे सगळं बसवता येतं, आणि मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, नीट लिहिला तर मुनीमाला फक्त वजन टाकायचं काम उरतं.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रावेरकडचे केळीचे एक व्यापारी. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. मी तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचो. त्यांची बंद पडलेली हार्डडिस्क घेऊन बसलो होतो, तर शेजारी मुनीम कॅल्क्युलेटरवर एकेक काटापावती गुणत होता. वजन, कटती, हमाली, उचल, बाकी. मी म्हटलं, आप्पा, हे आपोआप होईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “करून दाखव भो. झालं तं पैसे, नाही झालं तं चहा.”

एक्सेल २००३ वर ती फाईल केली. फाईल उघडली की एक छोटी खिडकी यायची, ‘आज भाव काय?’ मुनीम चारही भाव टाकायचा आणि दिवसभराच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या पावत्या, त्या भावाने निघायच्या. ही खिडकी मराठीत आणायला मला आठवडा लागला. ज्यांनी व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेच्या, एडिटरमध्ये देवनागरी चिकटवून पाहिली असेल त्यांना माहीत आहे, तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. साधा मेसेजबॉक्सही मराठी दाखवत नाही. शेवटी एक फॉर्म केला, मराठी मजकूर एका लपवलेल्या शीटमध्ये ठेवला आणि फॉर्म उघडताना तिथून उचलून लेबलवर टाकला. आजही आमच्या प्रत्येक फाईलमध्ये हीच पद्धत आहे. मुनीमाला त्याच्या भाषेत विचारलं तरच तो मनापासून उत्तर देतो, असं माझं ठाम मत आहे.

पुढची दहा-बारा वर्षं काम वाढत गेलं. एक्सेल २००७ नंतर फाईली एक्सएलएसएम या मॅक्रोवाल्या प्रकारात आणल्या, जीएसटी आला तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाळा उघडा होता.

आणि मग २०२२ चा श्रावण आला.

मॅक्रोच्या आडून व्हायरस पसरवणाऱ्यांचा जगभर सुळसुळाट झाला होता. म्हणून इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो मुळातच अडवायचे, असं मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर केलं. एप्रिलमध्ये थोड्या लोकांपुरतं ते सुरू झालं, जुलैच्या सुरुवातीला मागे घेतलं आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा लागू केलं. निर्णय योग्यच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी फेब्रुवारीची बातमी वाचली होती. मागे घेतल्याचीही वाचली आणि निर्धास्त झालो. पुन्हा लागू झाल्याची वाचली नाही. ही चूक माझी.

त्याच सुमारास आप्पांच्या फाईलमध्ये वापसीची कटती बदलून हवी होती. मी ती बदलून मेलने पाठवली. आप्पांच्या मुलाने नुकताच नवा लॅपटॉप घेतला होता, त्यात वर्षाच्या वर्गणीचं ताजं ऑफिस. मुनीमाने फाईल डेस्कटॉपवर उतरवली आणि काम सुरू केलं. श्रावण लागला की उपासाला केळी लागतात, भाव रोज वर सरकत होता. चौथ्या दिवशी सकाळी एक शेतकरी दोन पट्ट्या हातात धरून आप्पांच्या काट्यावर आला. एक त्याची, एक त्याच्या चुलत्याची, दुसऱ्या व्यापाऱ्याकडची. दिवस एकच, मालही एकाच बांधाचा आणि भाव वेगळा.

आप्पांचा फोन आला. “भो, तुही फाईल जुनाच भाव लावून राह्यली.”

गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर मी तीच फाईल उघडली. खिडकी आली, भाव विचारला, सगळं ठीक. पेनड्राईव्हवर घेतली आणि मिळेल त्या गाडीने रावेर गाठलं. आप्पांच्या लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावून उघडली, तर तिथेही खिडकी आली! मग डेस्कटॉपवरची उघडली. काही नाही. वर एक लाल पट्टी आणि खाली मुकाट शीट. दोन्ही फाईलींची साईझ सारखी, तारीख सारखी. कोडची ओळ न् ओळ ताडून पाहिली, तीही तीच.

मी मुनीमाला विचारलं, ही लाल पट्टी रोज येत होती का? तो म्हणाला, “येत होती. मी फुली मारून बंद करायचो.” आणि खिडकी आली नाही तेव्हा? “विचारलं नाही, म्हणजे भाव तोच असेल असं वाटलं.”

त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. इतकी वर्षं फाईल विचारत होती, तो उत्तर देत होता. वजन गुणिले भाव हे साधं सूत्र होतं, ते मॅक्रो बंद असतानाही चालतच राहिलं. फक्त भावाच्या खान्यात मी मेल करताना होता तोच आकडा बसून राहिला.

कोडं सुटलं ते फोनवर. माझी बायको गाळ्याची बिलं बघते, तिला मॅक्रोतलं काही कळत नाही. ती म्हणाली, “एक मेलने आली, एक पेनड्राईव्हने. फरक तेवढाच ना?” फरक तेवढाच होता. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाईलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, ही बाहेरून आली आहे अशी. ती चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर टिकते. आमचा पेनड्राईव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीचा, त्यावर ती राहतच नाही. फाईलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि अगदी तळाला ‘अनब्लॉक’चा चौकोन. टिक केली, ओके केलं, फाईल उघडली आणि खिडकी आली. आप्पांनी चहा सांगितला.

पण चहा येईपर्यंत मुनीम म्हणाला, आता भाव विचारते, पण उचल वजा होत नाही. शेतकऱ्याचं नाव टाकलं की त्याची उचल आपोआप वजा व्हायला हवी, ते काम चेंज इव्हेंटवर होतं, म्हणजे खान्यात काही टाकलं की एक्सेल मॅक्रोला हाक मारतं त्यावर. मी एडिटर उघडला, कंट्रोल-जी दाबून खालच्या चौकटीत विचारलं की एनेबलइव्हेंट्स काय आहे. उत्तर आलं, फॉल्स. म्हणजे एक्सेलने कान बंद करून घेतले होते, खान्यात काहीही टाका, मॅक्रोला कळणारच नाही. कारण पाच मिनिटांत सापडलं. खिडकी आल्यावर मुनीमाने उत्साहाने इंग्रजी नावाच्या शीटचं नाव बदलून ‘उचल’ केलं होतं. पहिलं नाव टाकताच मॅक्रो त्या शीटला शोधायला गेला, सापडली नाही, एरर नऊ आला. मुनीमाने ‘एण्ड’ दाबलं. मॅक्रो मध्येच मेला आणि इव्हेंट्स परत चालू करायची ओळ त्याच्या पुढे होती. ती एक ओळ एरर आली तरी चालेल अशा ठिकाणी मी आधीच ठेवायला हवी होती. आणि शीट तिच्या नावाने बोलावण्याऐवजी कोडनेमने बोलावायला हवी होती, ते मुनीमाने वरचं नाव बदललं तरी बदलत नाही. दोन्ही मला माहीत होतं. दोन्ही केलेलं नव्हतं.

त्या रात्री आप्पांच्या पत्र्याच्या खोलीत तीन दिवसांच्या पट्ट्या पसरून बसलो. बाहेर पाऊस. मी योग्य भाव वाचायचो, मुनीम पेन्सिलने फरक लिहायचा, आप्पा शेतकऱ्याला फोन लावायचे. एकालाही त्यांनी “कॉम्प्युटरची चूक” असं सांगितलं नाही. “आमच्याकडून कमी गेले, घेऊन जा” एवढंच. मी म्हटलं, हे पैसे माझ्याकडून घ्या. ते म्हणाले, “अर्धे घेईन. फाईल तुही, पण काटा मा‍हा.”

खरी जखम पुढे आहे. जळगावातलाच एक सॉफ्टवेअरवाला, ज्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याच्या हाती त्या लाल पट्टीचा फोटो पडला. पट्टीवर सुरक्षेच्या धोक्याचा इशारा असतो, तो इंग्रजीत. त्याने फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की यांच्या फाईलमध्ये व्हायरस आहे, तुमचे बँकेचे पासवर्ड जातील. तो स्वतः मॅक्रोच्या फाईली विकत होता. ती पट्टी का येते हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. अज्ञानातून बोलला असता तर मी विसरलो असतो. सात गिऱ्हाईकं महिनाभरात गेली, त्यात आमचा सगळ्यात मोठा जिनिंगवाला. दिवाळीपर्यंत गाळ्याचं दोन महिन्यांचं भाडं थकलं, कामाला असलेल्या पोराला दुसरीकडे बघ म्हणून सांगावं लागलं. तो पोरगा रडला नाही, मीच रडलो. त्या सातांपैकी चार परत आले. परत येताना कोणीही, ग्रुपवर जे लिहिलं होतं ते खोटं होतं, असं ग्रुपवर लिहिलं नाही. हे मला अजून बोचतं.

आप्पांनीही ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांनी दोन व्यापाऱ्यांना काट्यावर बोलावलं, मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हणाले, “दाखव यांना, चिठ्ठी कशी निघते ते.” ते दोघंही आज आमचे गिऱ्हाईक आहेत.

आता, जे लोक स्वतः मॅक्रो लिहितात त्यांना सांगतो. आपोआप चालणारा मॅक्रो चालला नाही की कोडला हात लावू नका. आधी फाईल कुठून आली ते विचारा, मग ती एक्सएलएसएमच आहे का ते बघा. मुनीमाने ‘सेव्ह ॲज’मध्ये साधी एक्सएलएसएक्स केली असेल तर मॅक्रो तिथेच गळून पडलेत. मग वर्कबुक ओपनचं कोड ‘धिस वर्कबुक’मध्येच आहे ना ते बघा. साध्या मॉड्यूलमध्ये ते वर्षभर पडून राहील, कधीही चालणार नाही. साध्या मॉड्यूलमध्ये ऑटो ओपन चालतं, पण फाईल दुसऱ्या मॅक्रोने उघडली तर तेही आपणहून चालत नाही. खाना सूत्राने बदलत असेल तर चेंज इव्हेंट लागत नाही, कॅल्क्युलेट इव्हेंट लागतो. यात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. नव्या ६४ बिटच्या ऑफिसवर जुनी फाईल उघडताच कंपाईल एरर आला तर आधी डिक्लेअरच्या ओळींत पीटीआरसेफ आहे का ते बघा. आणि वैतागून ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ हा पर्याय कोणाच्याही मशीनवर निवडू नका. एक फोल्डर ठरवा, तो ट्रस्टेड लोकेशनमध्ये टाका, फाईल तिथेच ठेवा. गिऱ्हाईकाचं दार सताड उघडं टाकून आपलं काम सोपं करणारा माणूस या धंद्यात नको.

आमच्या फाईलीही बदलल्या. भाव आता एकाच खान्यात नसतो, तारखेवार तक्त्यात असतो. पट्टीच्या तारखेचा भाव तक्त्यात नसेल तर रकमेच्या जागी ‘भाव टाका’ असं येतं. हे साध्या सूत्रानं होतं, मॅक्रो मेला तरी चालतं. आणि पहिलं शीट लाल आहे. सेव्ह होताना मॅक्रो बाकीची सगळी शीटं अशी लपवतो की अनहाईडच्या यादीतही दिसत नाहीत, फक्त लाल शीट मागे ठेवतो. उघडताना मॅक्रो चालला तरच ते जातं. नाही चालला तर मुनीमासमोर मोठ्या अक्षरांत तेवढंच राहतं : ‘मॅक्रो बंद आहे. शेतकऱ्याची पट्टी काढू नका. गाळ्यावर फोन करा.’

दरवर्षी श्रावणाआधी मी रावेरला जातो. शिफ्ट दाबून धरून फाईल उघडतो, म्हणजे ओपनचा मॅक्रो चालत नाही आणि लाल शीट येतं. मुनीम ते मोठ्याने वाचतो. मग मी फाईल बंद करतो आणि शिफ्ट न दाबता त्याला उघडायला लावतो. खिडकी येते, तो चारही भाव टाकतो, नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी. तोवर आप्पांनी गाडीत घड ठेवायला सांगितलेलं असतं.