एकादशीच्या दिवशी दिवेघाट

पालख्यांचा पुण्यात दोन रात्री मुक्काम असतो. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात. आम्ही गुरुवार पेठेतले, पंचहौद चर्चच्या मनोऱ्याखाली वाढलेले ख्रिस्ती. त्या दोन दिवसांत आमच्याकडे ओटा दिसेल तिथे वारकरी, नळ दिसेल तिथे रांग. कुणी फुकट दाढी करून देतं, कुणी चपला शिवून देतं. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका पाय धुवून मालिश करून देतात.

पायांची ही सेवा करण्याचीही एक रीत आहे. पाय आधी कोमट पाण्यानं धुवायचे, मग बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. चिखल्या झाल्या असतील तिथे तेल लावायचं नाही, फक्त पावडर. फोड फोडायचा नाही. खोबरेल तेल तळहातावर घासून कोमट करायचं आणि टाचेकडून पोटरीकडे चोळत जायचं. मैलोन्मैल चाललेली टाच हातात घेतली की भेगांमध्ये आपली बोटं अडकतात.

परभणीकडच्या एका आजींनी पाय चटकन आत ओढून घेतले. म्हणाल्या, "नको गं माय, पायाला हात नको लावू." मला योहानाच्या शुभवर्तमानातला पेत्र आठवला. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा हाच पेत्र म्हणाला होता, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. सेवा करून घेणं किती जड जातं माणसाला! मी आजींना म्हटलं, "आजी, तुम्ही चालताय, आम्हाला एवढं तरी करू द्या." मग त्यांनी पाय पुढे केले. झाल्यावर उठल्या आणि "माउली" म्हणत माझ्याच पायांवर वाकल्या. वारीत हे सगळेच सगळ्यांना करतात, लहानमोठं काही पाहत नाहीत. जाताना म्हणाल्या, "नुसतं तेलच लावती का? चल की सासवडापर्यंत."

आणि मी गेले.

माउलींची पालखी पुण्याहून निघते त्या दिवशी बहुतेक वेळा योगिनी एकादशी असते. चाल तीस किलोमीटरच्या घरात, शेवटी दिवेघाटाची चढण, आणि पोटात उपासाचं. आमच्या मंडळीतल्या एक मावशी शाळेतून निवृत्त झालेल्या. पोह्यांची तयारी चालली होती, ती त्यांनी आदल्या दिवशीच थांबवली. "उद्या एकादशी आहे, पोहे कोण खाणार?" मग रात्री बसून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि केळी अशा पिशव्या भरल्या. बायबलमध्ये पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बजावलंय की अन्नावरून भावाला दुःख होत असेल तर तुझं वागणं प्रीतीचं नाही. मला वाटतं, त्या मावशींना ते वचन आमच्यापेक्षा चांगलं कळलं होतं. प्रीती करायची तर समोरच्याच्या ताटात आज काय चालतं हे आधी माहीत हवं. आपल्याला द्यायला काय सोपं, हा प्रश्न नंतरचा.

हडपसर सोडलं आणि पावसाची सर आली. प्लास्टिकचे इरले डोक्यावर चढले, टाळ काही थांबले नाहीत. मला भजनाची चाल अनोळखी वाटली नाही, कारण आमच्या मराठी उपासनेतही टाळ-मृदंगावर भजनं होतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत गायली, त्याची ती कमाई. आजींना मी सांगितलं की मी ख्रिस्ती आहे. त्या "बरं" म्हणाल्या आणि डोक्यावरची तुळस सावरत पुढे चालू लागल्या.

घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. माणसांना जादा जोडी कुठली? एका वळणावर एक तरुण कठड्याला टेकून बसला होता. नवे कोरे बूट, चेहरा पार उतरलेला. येणारे-जाणारे "चला माउली, आलाच घाट" म्हणत होते, तो मान हलवत होता आणि उठत नव्हता. आजी त्याच्याशेजारी बसल्या. आमच्या पिशवीतला लाडू काढून अर्धा त्याला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. बराच वेळ खाली मस्तानी तलावाकडे बघत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. मग हात पुढे करून म्हणाल्या, "बाळा, मला उठव रे. गुडघा धरलाय." तो उठला, त्यांना उठवलं. तुळस एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं आजींचं कोपर धरलं आणि घाटमाथ्यापर्यंत सोडलं नाही. गुडघा खरंच धरला होता की नाही, मी विचारलं नाही.

धीर देणं म्हणजे चार गोड शब्द बोलणं, असंच मी धरून चालले होते. आजींनी त्याला शब्द दिलेच नाहीत, काम दिलं. खचलेल्या माणसाला 'तुझा मला उपयोग आहे' हे कळलं की पाय आपोआप उचलतात. आपल्या मंडळीतही असे कठड्याला टेकलेले कितीतरी आहेत: नोकरी गेलेला, परीक्षेत नापास झालेली, नुकतीच विधवा झालेली. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो आणि करायलाच हवी. पण रविवारी सतरंज्या घालायला, आजारी माणसाला डबा पोचवायला त्यांनाच हाक मारून बघा.

आणखी एक. आषाढीनंतर माउलींची पालखी याच वाटेनं परत येते. तेव्हा स्वागताच्या कमानी नसतात, केळी वाटणारे नसतात, गर्दीही पार विरळ झालेली असते. पण पाय तेच असतात, जास्तच दमलेले. यंदा परतवारीला आम्ही भवानी पेठेत तेल, कोमट पाणी आणि कोरडे पंचे घेऊन बसणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी या. पंचे कमी पडतात, घरातले जुने धुतलेले असतील तर आणा.