चित्रकलेच्या बाई व्हायचंय

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत आली. हातात बारावीची गुणपत्रिका, सोबत आई. "बाई, मला चित्रकलेची शिक्षिका व्हायचंय," ती म्हणाली. आई ठाण्यात जांभळी नाक्याला भाजी विकते. तिने बसायच्या आधीच विचारलं, "यात नोकरी लागते का, बाई?"

प्रश्न रास्त होता. माझे वडील वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात लेथवर होते, त्यांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता द्यायचं तर खरं द्यायचं, असं ठरवलं.

मी बारावीनंतर 2 वर्षांचं एटीडी केलं, म्हणजे कला शिक्षक पदविका. एएम, म्हणजे आर्ट मास्टर ही त्यापुढची पदविका, नोकरी करता करता पूर्ण केली. पहिली 4 वर्षं तासिका तत्त्वावर गेली. सकाळी कळव्याची शाळा, मग डबा खाऊन दुपारी कोपरीची. पैसे तासांप्रमाणे, त्यामुळे मे महिना कोरडा. कायम व्हायचं तर संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या पटावरून शाळेला मंजूर होणाऱ्या पदांत, आपलं पद बसावं लागतं. पट घसरला की पहिली नजर कला आणि क्रीडा शिक्षकांवर जाते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा. हा 'अंशकालीन' शब्द मला आजही बोचतो. मुलाला गणित पूर्णवेळ लागतं आणि चित्र अर्धवेळ, हे मला मान्य नाही.

फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांसाठी रांगोळी, हे सगळं आपल्याकडेच येतं. ते मी मनापासून करते. पण तास सोडायचा नाही, हे मी पोरीला दोनदा सांगितलं. एका शाळेत जानेवारी लागला की दहावीचे माझे तास न विचारता गणिताला जायचे. पहिल्या वर्षी मी गप्प बसले. दुसऱ्या वर्षी मुलांच्या अर्धवट राहिलेल्या चित्रांचा गठ्ठा घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले. सगळे नाही, पण आठवड्याचा एक तास परत मिळाला.

त्या एका तासात काय होतं, ते आईला कसं सांगावं कळेना. मग टेबलावरचा तांब्या पुढे ओढला.

वस्तुचित्रात मुलं तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतात, कारण ते गोल असतं हे त्यांना ठाऊक असतं. बूड मात्र पट्टीने आखल्यासारखं सरळ, कारण तांब्या टेबलावर नीट बसलाय हेही ठाऊक असतं. दोन्ही खरं, आणि तरी एकाच जागेवरून तसं दिसत नाही. मी मुलाला खाली वाकवते, डोळा तांब्याच्या काठाशी येईपर्यंत. तोंडाची नुसती रेघ होते. मग सावकाश उठायला सांगते. रेघ फुगते, लंबगोल होतो. सहावीतला एक मुलगा एकदा ओरडला होता, "बाई, तोंड उघडतंय!" त्यानंतर त्याला लंबगोल शिकवावा लागला नाही.

आता इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेचे गुण दहावीला मिळतात, ए श्रेणीला 7, बी ला 5, सी ला 3. त्यामुळे पालक परीक्षेला बसवतात, ही चांगली गोष्ट. पण स्मरणचित्रं घोटून घेतली जातात याचं मला फार वाईट वाटतं. विषय 'बाजार' आला की पन्नास कागदांवर तीच छत्री, तीच टोपली, तीच नऊवारीतली बाई.

या मुलीने आठवीत 'बाजार' काढला तेव्हा मी तिच्यामागे उभी होते. चित्र मला चुकलेलंच वाटलं. मेथीच्या जुड्यांची मुळं आपल्याकडे वळलेली. वजनकाट्याची पाठ दिसतेय, आकडे नाहीत. वर गिऱ्हाइकांच्या हनुवट्या आणि लोंबत्या पिशव्या, पाय कुठेच नाहीत. मधोमध एक पाठमोरी बाई, तिचा अंबाडा. दुरुस्त करायला मी पेन्सिल उचललीसुद्धा, आणि मग लक्षात आलं. ही पोर शाळा सुटल्यावर गाळ्याच्या मागे, गोणपाटावर बसून गृहपाठ करते. तिथून बाजार असाच दिसतो. मी पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं शिकवतेय, पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच असावं.

पुढची माहिती भराभर दिली. एटीडी कर, प्रवेशाच्या तारखा कला संचालनालयाच्या संकेतस्थळावर बघ. जी.डी. आर्ट ही कलेची पदविका किंवा बीएफए ही पदवी घेऊन मग डिप.ए.एड., म्हणजे कला शिक्षणाची पदविका, करायचाही रस्ता आहे, पण तो लांबचा आणि खर्चाचा. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नकोस, सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. आणि एटीडी चालू असताना शनिवारी माझ्या वर्गात येऊन बस.

ते बाजाराचं चित्र मी कपाटात जपून ठेवलं होतं. आईने ते कधी पाहिलंच नव्हतं. टेबलावर उलगडलं तशी तिने पदराला हात पुसले, कडा धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. पण तिने अंबाड्याशेजारी बोट ठेवलं.

"कोथिंबीर इकडे नसते. ती मी पाण्याच्या बादलीजवळ ठेवते, नाहीतर सुकते."

"त्या दिवशी बादली गळत होती," पोरगी म्हणाली. "तू इकडे हलवली होतीस."

आईने पुन्हा चित्राकडे पाहिलं. "हो, गळत होती खरी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "फॉर्म कधी भरायचा, बाई?"