ला मार्मोत: चार चढांबद्दल सगळे बोलतात, त्या उताराबद्दल कोणीच नाही

"गालिबिए ओलांडलास की झालंच. पुढे पन्नासेक किलोमीटर नुसता उतार. पाय मोकळे कर, खाऊन घे, मग आल्प द्युएझला भिड." ला मार्मोत ही चार घाटांची सायकल शर्यत केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हेच ऐकवलं होतं; गालिबिए हा तिसरा घाट, आल्प द्युएझ शेवटचा. माझं खाणं, ताकद, वेळ, सगळा हिशेब मी त्यावरच मांडला होता. आज स्पष्ट सांगतो, हे साफ खोटं आहे. त्या उतारावर मी जितका पिचलो तितका एकाही चढावर पिचलो नाही. पुढच्या वेळी जे जाणार आहेत त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, त्या उताराचं तेवढं वाचा.

मार्ग थोडक्यात सांगतो. फ्रेंच आल्प्समधल्या बूर द्वाझाँ गावातून सकाळी निघायचं. ग्लाँदों (१,९२४ मीटर), तेलेग्राफ (१,५६६), गालिबिए (२,६४२) असे घाट ओलांडून परत त्याच गावाशी यायचं आणि शेवटी आल्प द्युएझ चढून १,८५० मीटरच्या आसपास थांबायचं. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, चढाई पाच हजार मीटर. १९८२ पासून बहुतेक दरवर्षी उन्हाळ्यात हजारो हौशी सायकलस्वार हे करतात. तुम्ही नियमित सायकल चालवता, पंक्चर स्वतः काढता आणि पाच-सहा तास खोगिरावर बसणं तुम्हाला नवीन नाही, असं धरून पुढचं लिहितो. तसं नसेल तर अजून एक वर्ष थांबा.

पहिला ठाम सल्ला: सायकल भाड्याने घेऊ नका. विमानातून नेण्याची कटकट परवडली. मी आधी लेखी ठरवलं होतं की मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, हवी. दुकानात गेलो तर सायकलला २८ ची कॅसेट. बदलून हवी तर वेगळे पैसे, तेही आदल्या संध्याकाळी, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. परत करताना टायरवरच्या चिरेचे वेगळे आणि धुण्याचेही वेगळे. ती चीर मी नेताना होती की नाही, हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. घ्यावीच लागली तर ताब्यात घेताना टायर, रिम, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) यांचे फोटो काढा, दुकानदार बघत असतानाच काढा. आणि कॅसेटवर तडजोड करू नका. आठ टक्क्यांच्या चढावर थकलेला माणूस ताशी आठ किलोमीटरने जातो. पुढे ३४ दाते आणि मागे २८ असतील तर त्या वेगाला मिनिटाला ५२ पेडल पडतात, मागे ३४ असेल तर ६३. दिवसाच्या शेवटी हा फरक गुडघ्यांना कळतो. वरचे पैसे मागितले तरी मी ते दिले, आणि त्या एका गोष्टीचं समाधान आल्प द्युएझच्या पायथ्याशी झालं.

आधीचे दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ग्लाँदों. सकाळचं थंड वारं, ताजे पाय, आजूबाजूला शेकडो लोक, प्रत्येक जण तुम्हाला मागे टाकतोय. टाकू द्या. इथे थ्रेशोल्डच्या (साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल जोराच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेलात तर त्याची किंमत दुपारी भरावी लागते. मधे रस्ता एकदम खाली जातो आणि लगेच दहा टक्क्यांच्या वरचा चढ अंगावर येतो. तिथे घोळक्यात कोणी ना कोणी गिअर अडकवून आडवा होतो, म्हणून चढ सुरू होण्याआधीच हलक्या गिअरवर या. माथ्यावरून खाली उतरतानाची वेळ शर्यतीत मोजत नाहीत, कारण त्या उतारावर पूर्वी वाईट अपघात झाले आहेत. त्या वर्षीचा नेमका नियम वाचून घ्या आणि मग निवांत उतरा. माथ्याखालचे पहिले काही किलोमीटर तीव्र आणि अरुंद आहेत. जे तिथे जिवावर उदार होऊन सुसाट जात होते त्यांना त्यातून एक सेकंदही मिळत नव्हता, हे माझ्या डोक्यात अजूनही शिरत नाही.

मग मोरिएनची दरी. नकाशावर सपाट दिसते, पण ला शाँब्रपासून सँ मिशेलपर्यंतच्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये तुम्ही अडीचशे मीटरच्या आसपास वर चढता. एकट्याने ओढू नका. दुसऱ्याच्या चाकामागे राहिलात तर तीस टक्क्यांच्या आसपास श्रम वाचतात. चांगला घोळका मिळेपर्यंत पाणवठ्यावर दोन मिनिटं थांबावं लागलं तरी थांबा. तेलेग्राफ सरळ घाट आहे, सात टक्के, झाडांची सावली, बारा किलोमीटर. खात राहा.

गालिबिएची भीती सगळ्यांनी घातली होती, आणि ती रास्त आहे. वाल्वार गावापासून अठरा किलोमीटर. पहिला अर्धा भाग फसवा, रस्ता जवळजवळ सरळ असतो आणि चढ डोळ्यांना दिसत नाही. प्लाँ लाशा या ठिकाणी नदी ओलांडून उजवीकडे वळलं की खरा घाट सुरू होतो, पुढचे आठ किलोमीटर सरासरी आठ टक्क्यांच्या पुढे. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७२ टक्केच उरतो. पेडलवरचा जोर वॅटमध्ये दाखवणाऱ्या पॉवर मीटरवर नेहमीचे आकडे बघायला गेलात तर निराश व्हाल, तिथे तो मीटर बघणं सोडा आणि श्वासावर चाला. १९११ मध्ये टूर द फ्रान्स पहिल्यांदा इथून गेली तेव्हा स्पर्धक माथ्याखालच्या बोगद्यातून पलीकडे गेले होते. आज सायकली बोगद्याच्या वरून, दहा टक्क्यांच्या आसपासच्या शेवटच्या किलोमीटरवरून जातात. तो किलोमीटर संपल्यावर मला जो आनंद झाला तो शब्दांत मांडता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं. आजही म्हणेन, सायकल चालवणाऱ्याने आयुष्यात एकदा तिथे पोचावंच.

आणि त्या आनंदातच घात आहे. माथ्यावर प्रत्येकाचा चेहरा सांगत असतो की संपलं. कमी खाल्लं जातं, जॅकेट न घालता लोक सुटतात, कारण पुढे "नुसता उतार".

आता त्या उताराचं गणित बघा. गालिबिएपासून लोतारे खिंडीपर्यंत साडेआठ किलोमीटर खरोखर उतार आहे, वळणं आहेत, सायकल आपोआप पळते. पण लोतारे २,०५८ मीटरवर आणि बूर द्वाझाँ ७२० मीटरच्या आसपास. मधलं अंतर अडतीसेक किलोमीटर. म्हणजे सरासरी उतार जेमतेम साडेतीन टक्के, त्यातही मधेमधे सपाट आणि किंचित चढाचे तुकडे, आणि गावाजवळचे शेवटचे किलोमीटर तर दरीच्या तळातून पूर्ण सपाट. साडेतीन टक्क्यांवर वारा नसेल तर सायकल छान धावते. पण वारा असतोच.

उन्हाळ्यात दुपारी आल्प्सच्या दऱ्यांमधला वारा खालून वर वाहतो. उन्हाने डोंगरांच्या बाजू तापतात, तिथली हवा वर उठते आणि तिच्या जागी दरीच्या तोंडाकडून हवा आत ओढली जाते. सकाळी मोरिएनच्या दरीत तुम्ही वरच्या दिशेने जाता, तिथे हा वारा उठलाच तर पाठीशी असतो. हा उतार रोमाँश नदीच्या दरीतला, तिथे तुम्ही भर दुपारी खाली येता, म्हणजे तो नेमका छातीवर. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि इथे तुमच्या वेगात वाऱ्याचा वेग मिळवावा लागतो. ला ग्राव गावानंतर मी पेडल मारायचं थांबवलं की सायकल ओल्या वाळूत रुतल्यासारखी मंदावायची. उतारावर! पन्नास मिनिटांत खाली पोचू असं मला सांगितलं होतं. त्याच्या कितीतरी पुढे वेळ गेली, आणि त्यातली बहुतेक मी पेडल मारण्यात घालवली, तेही एकटाच, कारण माझा घोळका गालिबिएच्या माथ्यावर पांगला होता.

त्यात बोगदे. या रस्त्यावर ते एकामागोमाग येतात, काही लांब आणि अंधारे. कडक उन्हातून गडद गॉगल लावून आत शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि वाहतूक चालू असते. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच, गॉगल फोटोक्रोमिक (उजेडाप्रमाणे गडद-फिकट होणाऱ्या) किंवा पारदर्शक काचेचा घ्या. दिवे लावणाऱ्यांना आदल्या दिवशी काही जण हसत होते. हसू द्या. शाँबों धरणाजवळचा बोगदा २०१५ मध्ये डोंगर खचल्यामुळे बंद पडला होता आणि त्या वर्षी शर्यतीचा मार्गच बदलावा लागला, इतका हा रस्ता डोंगराच्या मर्जीवर आहे. आत रस्ता ओला असू शकतो, हे धरूनच शिरा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत घातक: पाय गार पडतात. माथ्यावर घामाने भिजलेले असता, मग वारा खात तासभर जवळजवळ त्याच स्थितीत बसता, हात ब्रेकवर, मान वर. मधूनच जोर, मधूनच नुसतं बसणं. खाली बूर द्वाझाँला येता तेव्हा दरीत भट्टी पेटलेली असते, आणि दीड-दोन किलोमीटरच्या आत आल्प द्युएझचा पहिला चढ दहा टक्क्यांनी सुरू होतो. माझ्या दोन्ही मांड्यांत गोळे आले ते तिथेच, पहिल्या वळणाच्याही आधी. माझ्या आजूबाजूला कितीतरी लोक सायकल कठड्याला टेकवून मांड्या चोळत होते. त्या सगळ्यांना गालिबिएने दमवलं असं ते म्हणत होते. मला पटत नाही. त्यांना दमवलं त्या उताराने.

म्हणून यापुढे काय करायचं ते आता मला पक्कं ठाऊक आहे. गालिबिएच्या माथ्यावर पाणी भरा, जॅकेट घाला आणि तिथे थांबूनच खा, कारण खाली दोन्ही हात हँडलवर लागतात. ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि पोटाला सवय नसेल तर ती सवय घरी लावा, शर्यतीत नाही. लोतारेला पोचल्यावर एकटे असाल तर निघू नका. मागून येणारे चार-पाच जण येऊ द्या, त्यांच्यात मिसळा, पाळीपाळीने पुढे या. पाच मिनिटं थांबून दहा मिनिटं वाचतात, शिवाय पाय शाबूत राहतात. ला ग्राव सोडल्यावर पेडल फिरवणं कधीही पूर्ण थांबवू नका, जोर नसला तरी फिरवत राहा.

सरावातही हे बसवावं लागतं. घरातल्या ट्रेनरवर (सायकल एका जागी बसवून चालवायच्या यंत्रावर) वीस-वीस मिनिटांचे थ्रेशोल्डचे टप्पे सगळेच करतात, मीही केले, त्यांनी चढ सोपे जातात यात वाद नाही. पण ट्रेनरवर वारा नसतो, गारठा नसतो, आणि बसून राहिल्यावर पुन्हा दहा टक्क्यांना भिडणं नसतं. आठवड्याची लांब फेरी चार-पाच तासांची झाली की शेवटी मुद्दाम वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तासभर एकसारख्या, जरा जड वेगाने चालवा, मग पंधरा मिनिटं जवळजवळ न फिरवता बसून राहा, आणि लगेच सापडेल तो सर्वांत उभा चढ पूर्ण जोराने घ्या. पहिल्या दोन-तीन वेळा अत्यंत त्रास होतो. हाच सराव माझ्या मते बाकी सगळ्या इंटरव्हलपेक्षा (जोर आणि विश्रांतीच्या आलटून-पालटून टप्प्यांपेक्षा) मोलाचा आहे, आणि मी पाहिलेल्या एकाही तयार आराखड्यात तो नव्हता.

आल्प द्युएझबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के. एकवीस वळणं, खालून वर उलट क्रमाने आकडे, प्रत्येकावर इथे टूरचा टप्पा जिंकलेल्याचं नाव. १९५२ मध्ये इथे टूर पहिल्यांदा थांबली आणि इटलीचा सायकलपटू फाउस्तो कोप्पी जिंकला. पहिले दोन किलोमीटर सर्वांत वाईट, सावली नाही, घाई नको. ला गार्द गावानंतर थोडा श्वास मिळतो. गोळे आले तर उतरून चाला, त्यात लाज नाही, मी शंभर-दोनशे पावलं चाललो आणि पुन्हा बसलो. पायथ्याशी वेळमर्यादा असते, ती आधी बघून घ्या. त्या उतारावर गमावलेली मिनिटं तिथेच मोजली जातात.

मुक्काम खाली गावात असेल तर वर पोचल्यावर जॅकेट कोणाकडे देऊन टाकू नका. त्याच एकवीस वळणांवरून पुन्हा उतरायचं असतं, आणि त्या वेळी शेकडो लोक अजून वर येत असतात, दमून रस्त्याच्या मधोमध नागमोडी चालवत. तुम्ही तुमच्या उजव्या बाजूने, हळू, ब्रेकवर बोट ठेवून या. हाताला गारठा जाणवला तर थांबून हात चोळा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) असतील तर सलग दाबून धरू नका, वळणाआधी दाबा आणि सोडा.