माळीमामांची शंभर पानी वही

शाहू जयंतीच्या मागचा-पुढचा रविवार धरून कोल्हापुरातल्या आमच्या बागेत, ती सांभाळणाऱ्या मंडळाचा मेळावा भरतो. आर्द्रा लागलेल्या असतात, खड्डे काढून ठेवलेले असतात, त्यामुळे सभा आणि रोपं लावणं एकाच दिवशी होतं. महाराजांच्या फोटोला हार, इतिवृत्त, जमाखर्च, मंजुरी हे सगळं अर्ध्या तासात उरकतं. सचिव म्हणून ते मीच वाचतो आणि भराभर वाचतो, कारण मला पुढचं ऐकायचं असतं.

पुढचं म्हणजे माळीमामांची वही. शंभर पानी, खाकी कव्हरची, वरून प्लॅस्टिकची पिशवी. मामा पालिकेचे माळी. त्यांना भाषण येत नाही. ते उभे राहतात, चष्मा पुसतात आणि बागेतल्या एकेका झाडाची हजेरी घेतात. "गेटजवळचा बहावा. हाय. टाकीमागचं करंज. हाय. घसरगुंडीपाशी लावलेलं कडुनिंब." इथं ते थांबले की आम्हाला कळतं. "गेलं." बस, एवढंच. पण ज्याच्या पोरानं ते रोप लावलेलं असतं त्याची मान खाली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तोच बादली घेऊन बागेत दिसतो.

पालिकेशी आमचा करार आहे. माळी, पाणी, दिवे त्यांच्याकडे. राखण, रंगरंगोटी, आळी करणं आणि सुट्टीच्या दिवशी पाणी घालणं आमच्याकडे. फांदी तोडायची तर 1975 च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे नव्या पोरांना दरवर्षी सांगावं लागतं. ते काम आमच्या मंडळातले सर करतात. पुढं 74 वी घटनादुरुस्ती, बारावी अनुसूची, त्यात बागा आणि क्रीडांगणं कशी आली, हेही सर सांगतात. पोरं चुळबुळतात. मला मात्र ते भाषण पाठ आहे, तरी दरवर्षी ऐकावंसं वाटतं. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, नगरसेवक गेले, प्रशासक आले. आता अर्ज कुणाला द्यायचा म्हणून आम्ही चाचपडत होतो, तेव्हा सरांनीच कागद तयार करून दिले.

सगळ्यात जड गेलेली हजेरी त्याच वर्षी जूनमधली. आदल्या ऑगस्टमध्ये महापूर येऊन गेला होता. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका पातळी, आणि पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. आमच्या बागेत कमरेएवढं पाणी, ते ओसरल्यावर वीतभर गाळ. वर कोरोना. मास्क लावून, हातभर अंतर सोडून आम्ही सहा जण चाफ्याखाली उभे होतो. मामांनी वही उघडली. गेलं. गेलं. गेलं. कोवळी कडुनिंबं मुळातच कुजली होती. पान उलटताना मामांचा अंगठा थरथरत होता, पण एक ओळ त्यांनी गाळली नाही. ताम्हण आणि अर्जुन तेवढे राहिले. ती नदीकाठचीच झाडं, पाय पाण्यात ठेवून उभी राहायची त्यांना सवय. खालच्या अंगाला आता आम्ही तीच लावतो.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती लिहितोच. पहाटे फेऱ्या मारायला शंभरावर माणसं येतात. पाच मिनिटं कुलूप उघडायला उशीर झाला तर मला फोन येतात. मेळाव्याला त्यातले दहा चेहरेही दिसत नाहीत. वर्गणी नको, श्रमदान नको, निदान हजेरी ऐकायला तरी या. वर्षातनं एक तास.

आलेल्यांची नावं लिहीत नाही, एखादं राहिलं तर जन्मभर टोचेल. पण महापुरानंतर गाळ काढायला आलेली तालमीतली पोरं, त्यांना चहा पुरवणाऱ्या कोपऱ्यावरच्या मावशी, नळाची गळती रात्री येऊन काढणारा प्लंबर, दरवर्षी मिसळीचा कट करणाऱ्या आमच्या वहिनी आणि त्यांच्या दोन्ही जावा, स्पीकर फुकट देणारे मंडपवाले, झाडाच्या बुंध्याला भिडवलेले पेव्हिंग ब्लॉक पहारीनं उचकटणारे चौघे, उद्यान विभागाचे मुकादम. आणि हो, सतरंज्या धुणाऱ्या आज्जी. त्यांना मागच्या अहवालात मी विसरलो होतो.

मामा निवृत्त झाले. यंदा त्यांच्या जागी आलेल्या तरुण माळ्यानं वही वाचली, मामा पुढच्या सतरंजीवर बसले होते. "विहिरीकडचं जांभूळ," पोरगा म्हणाला, "गेलं." मेमधल्या वळवानं ते बुडापासून मोडलं होतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

"बाळा, थांब," मामा बसल्या जागेवरनं म्हणाले. "मी सकाळी बघून आलोय. बुडातनं दोन धुमारं फुटल्यात. हाय लिही."

पोरानं खिशातलं पेन काढलं, 'गेलं' वर आडवी रेघ मारली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.