उन्हातलं काम आणि नवीन माणूस

पाणी पीत रहा हे सगळेच सांगतात, बरोबरच आहे, पण उन्हात राबणाऱ्या टीममधे आधी आडवा कोण होतो ते बघा. बहुतेक वेळा नवीन आलेला, नाहीतर मोठी सुट्टी काढून परतलेला. अगदी धडधाकट असला तरी! शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात, मग घाम लवकर सुटतो, भरपूर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं, पण आठवडाभर काम बंद राहिलं की ही सवय उतरायला लागते. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात 20 टक्केच काम, मग रोज 20-20 टक्के वाढवत न्यायचं. सुपरवायझर तोंड वाकडं करेल, करू दे.

पाण्याचं म्हणाल तर तहानेची वाट बघू नका, ती उशिरा लागते. दर 15-20 मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे 250 मिली धरा. पण उगाच ढोसायचंही नाही, तासाला दीड लिटरच्या आतच ठेवा, नाहीतर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि ते वेगळंच दुखणं. आणि घाम येतोय म्हणजे शरीर थंड होतंय असं नाही हां, घाम वाळला तरच गारवा मिळतो, दमट हवेत तो नुसताच ओघळतो. त्यामुळे मोबाईलवर तापमान कमी दिसतंय म्हणून खूश होऊ नका.

मला विचाराल तर जोडीने काम करणं सगळ्यात महत्त्वाचं. ऊन लागलेल्या माणसाच्या हातातून पाना दोनदा निसटतो, नट उलटाच फिरवत बसतो, काही विचारलं तर भलतंच उत्तर, आणि वर "मला काय झालंय, ठीक आहे मी". त्याला स्वतःला कळतच नसतं, शेजारच्यालाच कळतं. असं बरळणं म्हणजे उष्माघात धरायचा, आतलं तापमान 40 अंशांवर गेलेलं असू शकतं. लगेच ॲम्ब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, सावलीत न्या, बूट आणि जाड कपडे काढा, गार पाणी ओतत रहा, वारा घाला, बर्फाच्या पाण्यात बसवता आलं तर फारच छान. धड शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी अजिबात ओतू नका. पॅरासिटामॉलही नको, हा ताप नाहीये, गोळीने उतरत नाही.

बीपीच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाच्या कामाला लागायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.