लेकीचं वरचं अन्न आणि माझी दुपारपाळी

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दुपारपाळीला, बायको बँकेत. बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या रजेतला एकही दिवस तिने आधी वापरला नाही. कळा सुरू होईपर्यंत कामावर गेली आणि सगळी रजा बाळासाठी राखली. त्यामुळे झालं असं, की रजा संपणं आणि लेकीला सहा महिने पूर्ण होणं एकाच आठवड्यात आलं. अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही भरवायला सुरुवात करायची, नेमकी तेव्हाच आई दिवसभर घराबाहेर. बायको दूध काढून फ्रिजमध्ये ठेवून जायची आणि सकाळचं भरवणं माझ्याकडे. दुपारी मी निघालो की माझी आई सांभाळणार. दवाखान्यात मी उत्तर दिलं तरी पुढचा प्रश्न बायकोकडे बघूनच विचारला जायचा, ते सोडून देऊ.

पहिला पेच उष्टावणाचा. आईचं म्हणणं, मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, तेव्हा पाचव्यात उरकून घ्या. मुलगा असता तर सहावा किंवा आठवा चालला असता. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं की सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा नको. घरात चार दिवस ताणाताणी झाली. शेवटी आईनेच बोटं मोजली. सहा पुरे झाले म्हणजे सातवा लागला, आणि सात विषमच की! मॅडमही खूश, शास्त्रही राहिलं. मामाने सराफ बाजारातून चांदीची वाटी आणली. खिरीची मात्र दोन पातेली झाली, एक देवासाठी साखरेची आणि एक लेकीसाठी बिनसाखरेची. वर्षाच्या आत साखर-मीठ नको, आणि मध तर चाटवायचाच नाही, कारण मधातून येणारे बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जंतू एवढ्याशा आतड्यात वाढू शकतात, हे मी त्या दिवशी आलेल्या प्रत्येक मावशी-आत्याला सांगत होतो. एक मावशी म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना चाटवला होता, मेलात का?" यावर काय बोलणार.

मग नागली, म्हणजे नाचणी. सुरगाण्याकडून ओळखीच्या माणसाने आणून दिली. धुऊन रात्रभर भिजवायची, सुती फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. ऐकायला सोपं आहे. नाशिकच्या डिसेंबरात मोड येता येत नाहीत. आईने फडकं डब्यात घातलं आणि डबा गव्हाच्या कोठीत खुपसला, तेव्हा कुठे पांढरी टोकं दिसली. गिरणीत एवढंसं दळून देत नाहीत, आणि दिलंच तर आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ त्यात उतरतं, म्हणून मिक्सर. हा खटाटोप उगाच नाही. मोड आलेल्या नागलीची लापशी शिजल्यावर चिकट गोळा होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं, आणि बाळाचं पोट एवढंसंच असतं.

एवढं करून पहिला चमचा तोंडात घातला तर तिने जिभेने सरळ बाहेर ढकलला. दुसराही. आईने लगेच निकाल दिला, "हिला आवडत नाही." खरं तर आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. आतापर्यंत तिची जीभ दूध ओढण्यापुरतीच चालत आलेली, चमच्यातलं मागे घ्यायला तिला शिकायचं होतं. आठवडाभरात जमलं. त्या आठवड्यात माझ्या शर्टाला, भिंतीला आणि पंख्याच्या बटणालाही नागली लागली.

आमच्याकडे दुसरी समजूत होती डाळीच्या पाण्याची. वरणाचं वरचं पाणी म्हणजे ताकद, असं आई मानायची. त्याने पोट भरतं, पण पोटात जातं मुख्यतः पाणीच. मॅडमनी साधी खूण दिली: चमचा तिरका केला तर पदार्थ पटकन ओघळता कामा नये. मग मुगाची डाळ आणि भात एकत्र गाळ शिजवून, घोटून, वर साजूक तूप. तुपाबद्दल आईची काहीच तक्रार नव्हती.

खरा त्रास सुरू झाला तो वजनाचा. सहा महिन्यांना लेक 6.4 किलो. लिफ्टमध्ये, जिन्यात, किराणा दुकानात एकच प्रश्न: "किती वजन हो?" आकडा सांगितला की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, "आमचा तेव्हा आठचा होता." आपल्याकडे बाळ गुटगुटीतच हवं. बारीक बाळ म्हणजे आईचं दूध कमी, नाहीतर भरवणाऱ्याचं लक्ष नाही. बायको संध्याकाळी घरात पाऊल टाकताच आधी वाटी बघायची, किती उरलंय. मी सांडलेलंही खाल्लेल्यात धरून सांगू लागलो. वजनही आम्ही जमेल तिथे करायचो, कधी दवाखान्यात, कधी औषधांच्या दुकानात, कधी स्वेटरसकट. आकडे वर-खाली व्हायचे आणि त्यासोबत घरातलं हवामानही.

मॅडमनी माता बाल संरक्षण कार्डावरचा मुलींचा तक्ता उघडून दाखवला. त्यामागचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये जाहीर केलं. त्यासाठी मोजलेल्या मुलांत ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिकेच्या मुलांबरोबर दिल्लीचीही मुलं होती. म्हणजे 'ते परदेशी मुलांचं असतं' हे माझ्या मेहुण्याचं म्हणणं बाद. त्या तक्त्यावर सहा महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन 7.3 किलो, आणि काळजी करावी अशी खालची रेघ 5.7 ला. आमची दोन्हीच्या मध्ये. मॅडम म्हणाल्या, "एका टिंबावरून काही कळत नाही. तिची रेघ तक्त्यावरच्या रेघांना धरून वर जातेय का, ते बघा. आडवी झाली किंवा खाली वळली तर मला सांगा. आणि काटा एकच ठेवा, कपडे काढून." शिवाय पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला 25-30 ग्रॅमने वाढतं, तो वेग नंतर बराच मंदावतो. आम्ही ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा वाटीच बघत बसलो.

धीर आला तो दुसरीकडून. सकाळी कोवळ्या उन्हासाठी मी तिला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेत असे. तिथल्या एका बाकावर हळूहळू आमचं टोळकं जमलं. जुळ्या मुलांची आई, सिडकोहून नातीला घेऊन येणारे एक आजोबा, पाथर्डी फाट्याकडून येणारी नवीन आई, आणि मी. सुरुवातीला सगळ्यांची पोरं 'मस्त जेवत' होती. जुळ्यांच्या ताईने पहिल्यांदा खरं सांगितलं. म्हणाली, "दादा, माझा एक वाटीभर खातो आणि दुसरा दोन चमच्यांवर तोंड मिटतो. घर एक, भांडं एक, भरवणारी मी एकच. आता सांगा, चूक कोणाची?" ते ऐकून माझ्या डोक्यावरचं ओझं जे उतरलं, ते तक्त्याने उतरलं नव्हतं. मग आजोबा म्हणाले, सूनबाई रडते म्हणून ते उरलेली खिचडी गुपचूप स्वतः खाऊन टाकतात. नातेवाइकांना सांगायचं एक आणि बाकावरचं दुसरं, असं सगळ्यांचंच चाललेलं.

त्या बाकावर एक गोष्ट ठरली आणि मी ती घरी लागू केली. काय द्यायचं, कधी द्यायचं ते आपण बघायचं. किती खायचं ते तिचं तिने. तोंड फिरवलं की वाटी उचलायची. विमान नाही, मोबाईल नाही, चिऊ-काऊसुद्धा मोजकेच. आईला हे मुळीच पटलं नाही. दुपारी ती भरवायची तेव्हा गॅलरीत काऊ यायचाच. मी बघून न बघितल्यासारखं करायचो, कारण दुपारचं भरवणं आईचं आहे आणि ती मला नोकरी करू देते आहे.

नवीन आई एकदा बोलता बोलता म्हणाली, की तिला बाळाकडे बघावंसं वाटत नाही, रात्रभर झोप नाही, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, आरामाची सवय लागलीय. आजोबांना काय बोलावं सुचेना, मलाही सुचलं नाही. जुळ्यांच्या ताईने तिचा हात धरला आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाळंतपणानंतरचं नैराश्य निघालं. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात, हे तेव्हा कळलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ताईकडे आधीपासून होता. तो मी बायकोच्या आणि माझ्या, दोन्ही फोनमध्ये टाकून ठेवला. बाप लोकांनाही लागू शकतो.

संक्रांतीला बोरन्हाण आलं. हलव्याचे दागिने, काळं झबलं, सगळी हौस. पण डोक्यावरून ओतायचं काय, तर बोरं, शेंगदाणे, चुरमुरे, उसाचे करवे. आठ महिन्यांचं बाळ समोर पडलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. आम्ही लेकीच्या वेळी फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ठेवल्या. बोरं मोठ्या पोरांना दुसऱ्या खोलीत वाटली. काही जणांनी नाकं मुरडली, मुरडू देत.

निफाडचा चुलतभाऊ फेब्रुवारीत द्राक्षांची पेटी आणतो. नाशिकच्या पोराला द्राक्ष नको म्हणणं म्हणजे पाप. पण अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. दोन गोल तुकडे करूनही भागत नाही, लांबीत चिरून चार फाका करायच्या. माझं रोजचं सकाळचं काम झालं ते. अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत नाहीत, बारीक कूट करून लापशीत मात्र लवकरच सुरू केलं, मॅडमना विचारून.

घास अडकल्यासारखं झालं की आम्ही घाबरायचो. त्यात दोन प्रकार असतात. बाळ खोकतंय, ओकारी काढतंय, तोंड लाल झालंय, आवाज येतोय, तर ते स्वतःच बाहेर काढतंय, हात लावू नका. आवाजच बंद झाला, रडताही येत नाही, ओठ निळे पडताहेत, तर मात्र क्षणाचाही उशीर नको. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, आळीपाळीने, आणि दुसऱ्या माणसाने 108 ला फोन. दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. आमच्यावर ती वेळ आली नाही. पण मी हे बाहुलीवर आईकडून आणि बायकोकडून करवून घेतलं. आई हसली, पण शिकली.

अंडं हा वेगळाच अध्याय. आई माळकरी. आमच्या ओट्यावर अंडं येणार नाही, हे लग्नाआधीपासून ठरलेलं. बायकोने वाद न घालता गॅलरीत इंडक्शनची शेगडी आणि एक छोटं पातेलं मांडलं. पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून भातात. आई त्या वेळेला देवपूजेला बसते. दोघींमध्ये यावर एक शब्दही कधी झालेला नाही, इतका मुरलेला करार मी आमच्या युनियनमध्येही पाहिला नाही.

लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा सुरू झालं आणि शी काळी झाली. बायकोचा कारखान्यात फोन, मी लाइन सोडून बाहेर. लोहाने शी काळपट होते, हे आधी कोणी सांगितलं असतं तर तो फोन वाचला असता. म्हणून इथे लिहितोय. डांबरासारखी चिकट किंवा रक्त दिसणारी असेल तर मात्र दाखवायलाच हवी.

एप्रिलच्या उन्हात जुलाब लागले. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं, थोडं थोडं ग्लासात टाकायचं नाही, आणि केलेलं पाणी 24 तासांनी फेकायचं. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण. अंगावरचं दूध आणि खिचडी चालूच. आईला वाटत होतं, पोटाला आराम द्यावा. मॅडमनी तिला स्वतः समजावलं तेव्हा पटलं, माझ्याकडून पटलं नसतं.

वर्षाला वजन भरलं 7.8. मधलं प्रमाण 8.9. आमची रेघ मधल्या रेघेच्या खालीच राहिली, पण तक्त्यावरच्या रेघांसोबत चढत गेली. ती आता आमच्या ताटातलं खाते, वरण-भात, भाकरीचा मऊ पापुद्रा, भेंडी सोडून बहुतेक सगळं. काही दिवस दोन चमच्यांवर थांबते, काही दिवस माझ्या ताटाला हात घालते. जूनपासून माझी सकाळपाळी लागतेय आणि आईचे गुडघे दुखतात, तेव्हा सध्या पाळणाघर शोधतोय. दोन बघून झाली. एकीकडे मुलांना टीव्हीसमोर बसवून भरवत होते. दुसरीकडच्या काकूंनी विचारलं, "किती खाते?" मी म्हटलं, ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग बरंय, आमच्याकडे कोणाचंच ठरलेलं नसतं." तिथे नाव घातलंय.